विंचूदंशात ॲट्रोपिन का नाही? ऑटोनॉमिकची औषधं रिसेप्टरवरून कशी लावायची

मृण्मयी_बीएस्सी

नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग, तिसरं सेमिस्टर. अल्फा, बीटा, मस्करिनिक हे तक्ते पाठ आहेत, औषधांची नावंही तोंडावर आहेत. केस समोर आली की मात्र गाडी अडते. सराव परीक्षेत हा प्रश्न होता:

आठ वर्षांचा मुलगा, वजन २० किलो. विंचू चावून दोन तास झालेत. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार, नाडी १४०, बीपी १५०/११०. औषध कोणतं आणि का?

वर्गातल्या बहुतेकांनी ॲट्रोपिन लिहिलं. घाम आणि लाळ म्हणजे मस्करिनिक, मस्करिनिक अडवतं ते ॲट्रोपिन, असा सरळ हिशेब. उत्तर निघालं प्राझोसिन. मग फवारणीच्या विषबाधेत तसाच घाम आणि तशीच लाळ असताना ॲट्रोपिन कसं चालतं? आणि या औषधांच्या वेळी नर्सने नेमकं काय बघायचं, हेही सांगा.

गोदाकाठ

तक्ता बरोबर आहे, वाचायची दिशा चुकली. घाम दिसला म्हणून घाम थांबवणारं औषध, असं करू नका. आधी स्वतःला विचारा: शरीरात कोणतं रसायन वाढलंय? ते कुठल्या रिसेप्टरवर बसतंय? त्यातला जिवावर उठणारा परिणाम कोणता? आणि हातातलं औषध नेमका तोच अडवतं का?

थोडक्यात उजळणी. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची जागा, तिथे रसायन बसलं की परिणाम होतो. ऑटोनॉमिक म्हणजे आपोआप चालणाऱ्या नसा, त्यांच्या दोन बाजू: सिंपथेटिक (धावपळीची) आणि पॅरासिंपथेटिक (विसाव्याची). सिंपथेटिक नसांच्या टोकाला नॉरॲड्रेनलिन सुटतं, ॲड्रेनल ग्रंथीतून ॲड्रेनलिन. अल्फा-१ वर बसलं की रक्तवाहिन्या आवळतात, बाहुली मोठी होते, मूत्राशयाचं तोंड आवळतं. बीटा-१ वर बसलं की हृदय जोरात आणि वेगात चालतं, मूत्रपिंडातून रेनिन सुटतं. बीटा-२ वर श्वासनलिका सैल, गर्भाशय सैल, हाताला कंप, पोटॅशियम पेशींच्या आत. अल्फा-२ नसांच्या टोकावर आणि मेंदूत असतो आणि नॉरॲड्रेनलिनचं सुटणंच कमी करतो.

पॅरासिंपथेटिकच्या टोकाला ॲसिटिलकोलिन सुटतं आणि मस्करिनिक रिसेप्टरवर बसतं. त्याने नाडी मंद, श्वासनलिका आकसलेल्या आणि स्रावाने भरलेल्या, आतडी जोरात, बाहुली बारीक. ॲसिटिलकोलिन निकोटिनिक रिसेप्टरवरही बसतं, म्हणजे हातापायांचे आणि श्वासाचे स्नायू जिथे नसेला भेटतात तिथे, आणि गँग्लियामध्ये, म्हणजे नसांच्या गाठींमध्ये.

एक अपवाद वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. घामाच्या ग्रंथींना जाणारी नस सिंपथेटिक आहे, पण तिच्या टोकाला सुटतं ॲसिटिलकोलिन. म्हणून घाम दोन्ही बाजूंनी फुटतो. सिंपथेटिक खवळली तरी घाम, ॲसिटिलकोलिन साचलं तरी घाम. घामावरून बाजू ठरवता येत नाही, तुमची केस फसली ती इथेच.

आता विंचू. लाल विंचवाचं विष नसांवरचे सोडियम चॅनेल उघडे ठेवतं, त्यामुळे ऑटोनॉमिक नसा सगळं रिकामं करतात. सुरुवातीला ॲसिटिलकोलिनची लक्षणं दिसतात: उलट्या, लाळ, घाम, कधी मंद नाडी, मुलग्यांमध्ये लिंग ताठणं. हा टप्पा बहुधा आपोआप ओसरतो. पाठोपाठ नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिनचा लोंढा येतो. अल्फा-१ मुळे रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मूल दगावतं ते यामुळे, घामामुळे नव्हे.

या वेळी ॲट्रोपिन दिलं तर काय होईल? हृदयावर उरलेला एकमेव लगाम म्हणजे पॅरासिंपथेटिक, तोच सुटेल. नाडी १४० वरून आणखी वर जाईल आणि आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतील. प्राझोसिन अल्फा-१ अडवतं, वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो.

हा उपचार रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात मांडला, तेही ग्रामीण रुग्णालयात पेशंटच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणांतून. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला अल्फा-ब्लॉकर शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

निखिल_जीएनएम

मग बीटा-ब्लॉकर का नाही? नाडी १४० आहे, बीपी वाढलंय. मेटोप्रोलोल दिलं तर दोन्ही खाली येतील ना?

गोदाकाठ

नाही. बीटा अडवला की सगळा लोंढा अल्फावर मोकळा होतो. त्यातून बीटा-२ मुळे ज्या थोड्या वाहिन्या सैल राहिल्या असतील त्याही, औषध नॉन-सिलेक्टिव्ह (बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवणारं) असेल तर, बंद. बीपी आणखी चढेल आणि थकलेल्या हृदयाचा जोरही जाईल. फिओक्रोमोसायटोमा या ॲड्रेनलच्या गाठीतही हाच नियम आहे: आधी अल्फा-ब्लॉकर, तो नीट लागू पडल्यावरच बीटा-ब्लॉकर. परीक्षेत दोन्हीचं कारण एकच लिहायचं.

सरिता_आयसीयू

प्राझोसिन देतानाचं प्रत्यक्ष काम लिहिते, कारण गोंधळ तिथेच होतो.

मुलांना ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, तोंडाने. २० किलोला ६०० मायक्रोग्रॅम. साधी गोळी १ मिग्रॅची मिळते, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. ती बारीक करून पाण्यात मिसळून एकूण १० मिली करा, म्हणजे १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. द्यायचे ६ मिली. गोळी पाण्यात पूर्ण विरघळत नाही, भुकटी तळाशी बसते, म्हणून ढवळून लगेच सिरिंजमध्ये ओढा. ठेवून दिलेल्या कपातून वरचं पाणी ओढलं तर मात्रा कमी जाते, तळाचं ओढलं तर जास्त.

बाजारात एक्सएल गोळ्याही आहेत, २.५ आणि ५ मिग्रॅच्या. त्या हळूहळू सुटणाऱ्या असतात. इथे चालत नाहीत आणि कुटून तर अजिबात द्यायच्या नाहीत, कारण दिवसभराची मात्रा एकदम सुटते. पाकिटावर फक्त प्राझोसिन वाचून थांबू नका, पुढची अक्षरं वाचा.

पहिल्या मात्रेनंतर मूल आडवंच ठेवायचं. आईला स्पष्ट शब्दांत सांगा: उचलून कडेवर घ्यायचं नाही, दूध-पाणी पाजायला बसवायचं नाही. सैल झालेल्या वाहिन्यांमुळे उभं केलं की रक्त पायाकडे उतरतं आणि बीपी धाडकन पडतं. उलट्या आणि घामाने शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे धोका दुप्पट. मूल कोरडं पडलंय का ते आधी बघा: जीभ, डोळे, लघवी शेवटची कधी झाली. बीपी पडलंच तर पाय वर, डॉक्टरांना हाक आणि सलाईन तयार.

पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, श्वास. पुढचे सहा तास दर तासाला, मग दर चार तासांनी. मात्रा दर तीन तासांनी परत देतात, हातपाय कोमट होईपर्यंत. म्हणून चार्टवर बीपीच्या शेजारी "हातपाय गार / कोमट" असा रकाना आखून घ्या. औषध लागू पडलं की नाही हे तिथे दिसतं. सोबत विंचूदंशाचं सिरम मिळालं तर सुधारणा लवकर होते. मात्र सिरममुळे रिॲक्शन येऊ शकते, तेव्हा ॲड्रेनलिन जवळ हवंच.

मात्रा इथे समजण्यासाठी दिल्यात. वॉर्डात लेखी ऑर्डर आणि तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल.

रानवारा

फवारणीच्या विषबाधेचं मी लिहिते. विदर्भ-मराठवाड्यात कापसाच्या हंगामात या केसेस येतातच, आणि काही जणांनी कीटकनाशक प्यायलेलं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे हा गट फक्त परीक्षेपुरता शिकू नका.

ऑर्गॅनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक गट) विष ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला निकामी करतं. ॲसिटिलकोलिन साचत जातं आणि तिन्ही ठिकाणी लक्षणं येतात. मस्करिनिक: लाळ, घाम, उलट्या, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, मंद नाडी, छातीत घरघर. निकोटिनिक: स्नायू फडफडणं, मग लुळे पडणं. मेंदू: गोंधळ, झटके, बेशुद्धी.

मृण्मयी, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर इथे आहे. दोन्ही केसमध्ये छातीत पाणी वाजतं, पण हे पाणी वेगळं. विंचवाच्या पेशंटचं पाणी हृदय थकल्याने मागे साचलेलं, ॲट्रोपिन त्याला हातही लावू शकत नाही. इथे श्वासनलिकेच्या ग्रंथीच स्राव ओतत असतात, आणि त्या ग्रंथी मस्करिनिक रिसेप्टरवर चालतात. ॲट्रोपिन तो नळ बंद करतं.

ॲट्रोपिनचं ॲम्प्यूल ०.६ मिग्रॅचं असतं. मोठ्या माणसाला पहिला बोलस (एकदम द्यायची मात्रा) १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे तीन ते पाच ॲम्प्यूल. पाच मिनिटांनी तपासायचं, सुधारणा नसेल तर दुप्पट. १.८, मग ३.६, मग ७.२. तीन बोलसमध्ये १२.६ मिग्रॅ झालं, म्हणजे २१ ॲम्प्यूल. नवीन सिस्टरांचा हात इथेच थबकतो, एवढं ॲट्रोपिन कसं देऊ म्हणून. द्यावंच लागतं. ट्रॉलीत दहा ॲम्प्यूल ठेवून ही केस हाताळता येत नाही, ड्यूटी घेतानाच साठा मोजा. एक जण फोडणारी, एक जण ओढणारी, एक जण वेळ आणि मात्रा लिहिणारी, अशी वाटणी केली तर पाच मिनिटांची वेळ पाळता येते.

थांबायचं कधी? छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी, बाहुली टाचणीएवढी राहिलेली नाही. यात छाती सगळ्यात महत्त्वाची. बाहुली ताट-वाटीसारखी मोठी होईपर्यंत ॲट्रोपिन देत राहणं चुकीचं आहे. नाडी १२० आहे म्हणून ॲट्रोपिन रोखणं तितकंच चुकीचं, कारण निकोटिनिक परिणामाने, ऑक्सिजन कमी पडल्याने किंवा तापानेही नाडी वाढते.

एकदा साधलं की लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला इन्फ्युजन, म्हणजे सलग ड्रिप. वरच्या उदाहरणात १.२६ ते २.५ मिग्रॅ ताशी. मग दर १५ मिनिटांनी, स्थिर झाल्यावर तासाला: छाती, नाडी, बाहुली, काख, पोटाचे आवाज, ताप, भान. पेशंट बडबडतोय, हवेत काहीतरी पकडतोय, अंग तापलंय, पोटाचे आवाज गेलेत, लघवी तुंबलीय, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. इन्फ्युजन थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटलं की कमी दराने परत चालू करतात, कायमचं बंद नाही. अशा पेशंटला हातपाय बांधून ठेवण्याआधी कॅथेटर आहे का बघा, बरेचदा अस्वस्थपणा तुंबलेल्या लघवीचा असतो.

औषधवाला

रानवारा यांच्या प्रतिसादात भर. नातेवाइकांना डबा किंवा बाटली आणायला सांगा आणि लेबलवरचं घटकाचं नाव केस पेपरवर लिहा, कंपनीचं नाव पुरेसं नाही. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, डायमिथोएट हे ऑर्गॅनोफॉस्फरस. सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन हे पायरेथ्रॉइड, त्यांत एन्झाइमचा काही संबंध नाही आणि ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा नाही. घोळ असा की दोन्ही मिसळलेली औषधंही विकली जातात, उदाहरणार्थ प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिन. म्हणून लेबलची शेवटची ओळसुद्धा वाचा. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर गरज नसताना ऑक्सिजन लावायचा नाही, तो फुप्फुसाची हानी वाढवतो. हे तर लेबल वाचल्याशिवाय कळणारच नाही.

निखिल_जीएनएम

पॅमचं काय? पुस्तकात ॲट्रोपिन अधिक पॅम अशी जोडीच आहे.

औषधवाला

पॅम म्हणजे प्रालिडॉक्सिम. ते एन्झाइमवरून विष सोडवतं, म्हणजे निकोटिनिक बाजूही सुटते, जी ॲट्रोपिनला जमत नाही. अट वेळेची. काही तासांत विष आणि एन्झाइम यांचं बंधन पक्कं होतं, मग पॅम काही करू शकत नाही. हा वेळ विषानुसार बदलतो: डायमिथाइल गटात, डायमिथोएट त्यातलंच, तो थोड्या तासांचा, डायइथाइल गटात, जसं क्लोरपायरिफॉस, बराच मोठा. नेहमीची मात्रा ३० मिग्रॅ प्रतिकिलो २० ते ३० मिनिटांत, मग ताशी ८ मिग्रॅ प्रतिकिलो. ६० किलोला आधी १८०० मिग्रॅ, मग ताशी ४८० मिग्रॅ. भराभर ढकललं तर उलटी, वेगवान नाडी, बीपी चढणं, हृदय थांबणंही. ॲट्रोपिनच्या आधी किंवा ॲट्रोपिनऐवजी कधीच नाही.

सरिता_आयसीयू

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. पॅमचा फायदा होतो की नाही यावर अभ्यासांचं एकमत नाही, आणि बरीच युनिट्स आता ते सरसकट देत नाहीत. विद्यार्थ्यांच्या मनात "जोडी" असं बसलं की पॅमच्या शोधात ॲट्रोपिनला उशीर होतो. जीव वाचवतात ते ॲट्रोपिन, ऑक्सिजन, सक्शन आणि वेळेवर टाकलेली श्वासाची नळी.

औषधवाला

उशीर होऊ नये, हे शंभर टक्के मान्य. माझा आग्रह एवढाच की ऑर्डर असेल तर ते कसं द्यायचं हे नर्सला अचूक माहीत हवं, आणि परीक्षेत कार्यपद्धती विचारतातच.

रानवारा

दोघांच्याही म्हणण्याला जोडून, जे सुटतं ते सांगते. ॲट्रोपिनने छाती स्वच्छ झाली, पेशंट बोलायला लागला, सगळे निवांत झाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी श्वास बंद पडला, असं होतं. निकोटिनिक बाजूला ॲट्रोपिनचा उपयोग नाही, स्नायू साधारण २४ ते ९६ तासांत लुळे पडू शकतात. सगळ्यात आधी मानेचे. दर दोन-चार तासांनी पेशंटला उताणं झोपवून सांगा: उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा. येत नसेल, किंवा सकाळी येत होतं आणि आता येत नाही, तर त्याच क्षणी कळवा. एका श्वासात किती आकडे मोजता येतात तेही लिहा. ऑक्सिमीटरवर आकडा पडेपर्यंत थांबलात तर नळी घाईत टाकावी लागते.

आणि स्वतःचं रक्षण. कपडे काढून पिशवीत बंद, अंग आणि केस साबण-पाण्याने, नखांखालीही. साध्या लेटेक्स हातमोज्यांतून ही रसायनं पार होतात, नायट्राइल वापरा. खोलीत हवा खेळती हवी.

मृण्मयी_बीएस्सी

विंचू आणि फवारणी आता स्पष्ट झालं. मग निओस्टिग्मिनही ॲसिटिलकोलिन वाढवतं ना, विषासारखंच? ते औषध म्हणून कसं चालतं?

गोदाकाठ

बरोबर, एन्झाइम तेच. फरक असा की निओस्टिग्मिनची पकड काही वेळाने सुटते आणि ते मेंदूत सहसा जात नाही. आपल्याला फक्त स्नायूच्या जागी ॲसिटिलकोलिन वाढवायचं असतं, पण औषधाला जागा निवडता येत नाही. म्हणून मस्करिनिक बाजू आधी झाकतात. भूल उतरवताना, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम घालवायला, निओस्टिग्मिन २.५ मिग्रॅसोबत ग्लायकोपायरोलेट (ॲट्रोपिनसारखंच मस्करिनिक अडवणारं) ०.५ मिग्रॅ देतात, ते याचसाठी. एकटं निओस्टिग्मिन गेलं तर नाडी घसरेल आणि घसा स्रावाने भरेल.

सर्पदंशातही हाच वापर. नागाचं विष स्नायूच्या बाजूचा रिसेप्टर अडवतं, तिथे ॲसिटिलकोलिन वाढवून अडथळ्यावर मात करता येते. मण्यारचं विष नसेचं टोकच निकामी करतं, ॲसिटिलकोलिन सुटतच नाही, मग साठवायचं काय? म्हणून मण्यारीत निओस्टिग्मिनचा उपयोग जवळपास नसतो. मोठ्या माणसाला आधी ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ, मग निओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ स्नायूत. देण्याआधी पापणी किती उघडते ते मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये लिहा, नंतर दर दहा मिनिटांनी परत. तासाभरात फरक नाही तर पुढच्या मात्रा देत नाहीत. मुख्य औषध दोन्हीकडे सर्पविषविरोधी सिरमच, हे विसरू नका.

निखिल_जीएनएम

बीटा-ब्लॉकरबद्दल कोणी लिहिलं नाही. वॉर्डात सगळ्यात जास्त तीच असतात. नाडी ६० च्या खाली असेल तर देऊ नका, एवढंच शिकवलंय.

सरिता_आयसीयू

नाडी मनगटावर घाईने नाही, स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट. ६० च्या खाली किंवा वरचं बीपी १०० च्या खाली असेल तर मात्रा रोखून डॉक्टरांना विचारा. "रोखली" एवढंच लिहून पुढे जायचं नाही. हार्ट फेल्युअरच्या काही पेशंटना ५५ ची नाडी मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून ऑर्डरमध्ये मर्यादा लिहून घ्या.

अचानक बंद केलं तर काय, हेही रिसेप्टरवरूनच निघतं. महिनोन्‌महिने अडवलेल्या पेशी जास्त रिसेप्टर तयार करून बसलेल्या असतात. औषध थांबलं की ॲड्रेनलिन त्या सगळ्यांवर तुटून पडतं: छातीत दुखणं, हार्ट ॲटॅकही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री "उपाशी ठेवायचंय" म्हणून सकाळची बीटा-ब्लॉकरची गोळी परस्पर गाळू नका, भूलतज्ज्ञांना विचारा. बहुतेकदा घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगतात. अल्फा-२ वर काम करणारं बीपीचं औषध क्लोनिडिन अचानक थांबवल्यावर बीपी उसळतं, तिथेही खबरदारी तीच.

इन्सुलिनवरच्या पेशंटला बीटा-ब्लॉकर असेल तर साखर उतरल्याची दोन लक्षणं झाकली जातात, धडधड आणि कंप. घाम मात्र येतो. वर गोदाकाठ यांनी सांगितलेला अपवाद आठवा: घामाच्या ग्रंथीवर ॲसिटिलकोलिन. म्हणून अशा पेशंटला आणि नातेवाइकांना शिकवताना "हात थरथरले की साखर घ्या" असं सांगू नका. "उगाच घाम फुटला, भान सुटल्यासारखं वाटलं की लगेच साखर तपासा" असं सांगा.

मृण्मयी_बीएस्सी

बीपी वाढवण्यासाठीची नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिनची ड्रिप कशी मोजायची? मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट बघितलं की सगळेच घाबरतात.

सरिता_आयसीयू

एकच रांग धरा: मात्रा गुणिले वजन गुणिले ६०, भागिले १ मिलीतले मायक्रोग्रॅम. उत्तर ताशी मिली.

डोपामिनचं ॲम्प्यूल २०० मिग्रॅ, ५ मिली. सिरिंजमध्ये एकूण ५० मिली करा, १ मिलीत ४ मिग्रॅ, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ५ मायक्रोग्रॅम: ५ × ६० × ६० = १८,०००. भागिले ४०००. ताशी ४.५ मिली.

नॉरॲड्रेनलिन ४ मिग्रॅ ५० मिलीत, १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोला ०.१ मायक्रोग्रॅम: ०.१ × ६० × ६० = ३६०. भागिले ८०. पुन्हा ४.५ मिली. म्हणून पंपावरचा आकडा सांगून हँडओव्हर देऊ नका, औषध, सिरिंजमधली तीव्रता आणि मायक्रोग्रॅम तिन्ही सांगा. शिवाय नॉरॲड्रेनलिनच्या लेबलवर बायटार्ट्रेट (क्षार) किती आणि बेस (मूळ औषध) किती ते बघा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस. इथे दुपटीची चूक होते.

सेंट्रल लाइन उत्तम. नाइलाजाने हाताच्या शिरेतून चालू असेल तर मोठी शीर घ्या, जागा उघडी ठेवा, तासाला बघा. औषध बाहेर झिरपलं तर आतल्या अल्फा-१ मुळे तिथल्या वाहिन्या आवळतात, कातडी पांढरी आणि गार पडते, पुढे काळी. ड्रिप त्या जागेतून थांबवा आणि दुसऱ्या लाइनमधून लगेच चालू करा, नाहीतर बीपी कोसळेल. जुनी सुई काढण्याआधी तिच्यातून औषध मागे ओढा. उतारा फेंटोलामिन, ५ ते १० मिग्रॅ १० मिली सलाईनमध्ये, त्या भागात कातडीखाली ठिकठिकाणी, १२ तासांच्या आत. तोही अल्फा-ब्लॉकरच, म्हणजे विंचवाच्या पेशंटला जे प्राझोसिन करतं तेच इथे हातभर जागेत. बर्फ लावू नका, त्याने वाहिन्या आणखी आवळतात. कोमट शेक.

गोदाकाठ

मृण्मयी, आता एक केस तुला. साठीच्या बाई, जुना दमा. काचबिंदूसाठी दोन आठवड्यांपूर्वी टिमोलोलचे थेंब सुरू झालेत. दम लागून आल्यात, सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन दोनदा झालं, आराम नाही. काय घडलंय आणि पुढे काय अपेक्षित?

मृण्मयी_बीएस्सी

टिमोलोल नॉन-सिलेक्टिव्ह बीटा-ब्लॉकर. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो, यकृताला वळसा घालून, त्यामुळे थोडा असला तरी परिणाम होतो. बीटा-२ अडला म्हणून दमा उसळला. सालब्युटामॉलला बसायला तोच रिसेप्टर हवा, तो अडलेला, म्हणून आराम कमी. दुसरी वाट मस्करिनिक, म्हणजे इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम. थेंब थांबवायचे की बदलायचे हे डॉक्टरांना विचारायचं. सालब्युटामॉल वारंवार गेलं असेल तर नाडी आणि पोटॅशियमवर लक्ष.

गोदाकाठ

औषधं कशी काम करतात ते पूर्ण बरोबर. एक गोष्ट राहिली, आणि ती नर्सच्याच हातात आहे. इप्राट्रोपियम मास्कने दिलं तर वाफ कडेने डोळ्यांत जाते. मस्करिनिक अडला की बाहुली मोठी होते, आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो: डोळा लाल, दुखरा, दिव्याभोवती कडी दिसणं, उलटी. म्हणून अशा बाईंना मास्कऐवजी माउथपीस द्यायचं. दम इतका असेल की माउथपीस धरवत नाही, तर मास्क नाकाच्या पुलावर घट्ट बसवायचा, कडा तपासायच्या, आणि नेब्युलायझेशन संपल्यावर डोळ्यांबद्दल मुद्दाम विचारायचं.

थेंबाबद्दलही शिकवून ठेव: एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. नाकात उतरणारं औषध बरंच कमी होतं. पण दमा असताना टिमोलोल देणंच टाळतात, त्यामुळे दाबून धरलं की चालतं असा त्याचा अर्थ घेऊ नकोस.